गोदाआजीच्या हाताची लय

तुळजापूरची भवानी ही आमच्या सासरची कुलदेवता. लग्न झाल्यावर एकदा जाऊन आलो होतो, आणि पुढची बावीस वर्षं नुसतं 'यंदा जाऊ, यंदा जाऊ' चाललं होतं. पहिल्या वेळी तिकडे निजामाचं राज्य होतं. सोलापूर मागे पडलं की नाक्यावर ट्रंका उघडून दाखवाव्या लागत. या खेपेला कुणी काही विचारलं नाही. मुलूख आपलाच झाला होता. आपल्याला त्याची काही माहिती नाही, एवढीच काय ती अडचण राहिली होती.

'आपल्याला' म्हणजे मला आणि आमच्या ह्यांना. हे पुण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतात, मी घरी गाण्याचा क्लास चालवते. बारा मुली येतात आणि बाराही मला भितात. माझे गुरुजी म्हणायचे, "काम करता करता गाणं म्हणजे देवाला उष्टं दाखवणं." ते वाक्य मी जन्मभर पाळत आले. गायचं तर अंघोळ करून, आसन घालून, सूर लावून. परगावी निघाले तरी माझी सुरपेटी बरोबर असतेच. "कपडे राहिले तरी चालतील, पेटी घेतलीस ना?" असं हे निघताना खवचटपणे विचारतात.

तुळजापूर

आम्ही आमच्या पुजाऱ्यांच्या घरी उतरलो. भल्या पहाटे देवळातला चौघडा वाजायला लागला आणि मी उठून बसले. जरा वेळानं गल्लीत संबळाचा आवाज आला. कुणाच्या तरी घरी गोंधळी आले होते. तो थांबतोय तोवर ओट्यावर देवीच्या दोन आराधिणी बाया गाऊ लागल्या. त्यांचं संपलं, तर परडी विकणारा म्हातारा गिऱ्हाईक नाही म्हणून स्वतःशीच गात बसलेला. मी म्हटलं, या गावात गप्प कोण बसतं?

सगळ्यावर कडी केली ती पुजाऱ्यांच्या बायकोनं, काकूंनी. भाकरी थापताना गाणं, ठेचा वाटताना गाणं, आम्हाला वाढताना तोंडात गुणगुण. ठेचा असा झणझणीत की ह्यांच्या टोपीखालून घाम आला. पण खरं सांगते, आवाज त्याहून सरस होता. एवढा गोड गळा भाकरी थापण्यात वाया चाललाय हे बघून मला राहवेना. माझा स्वभाव तुम्हाला कळलाच असेल. मी म्हणाले, "काकू, स्वयंपाक करताना गाऊ नये. गाण्याचा मान राहत नाही."

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. "मग कवा गावं वो ताई? बसून गायला मला कोण पाट मांडतंय?"

हे इतके जोरात हसले की त्यांना ठसका लागला. मला राग आला. काकूंपेक्षा ह्यांचा जरा जास्तच आला.

धाराशिव ते ईट

ह्यांचे एक जुने सोबती वैजिनाथ मास्तर भूम तालुक्यात ईट गावी शाळेवर होते. 'एवढं येताच आहात तर माझ्या गावी न येता जाल तर बघा' असं त्यांचं पत्र होतं. म्हणून आम्ही धाराशिवला गाडी बदलली. कागदोपत्री उस्मानाबाद, पण स्टँडवर जो तो धाराशिवच म्हणत होता.

पुढच्या एसटीत मी मांडीवर पेटी घेऊन बसले होते. शेजारच्या फेटेवाल्या म्हाताऱ्यानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

"बाई, ही वाजती का?"

"वाजते, पण एकच सूर."

"एकच? मग बाकीचं कुठं ठिवलं?"

"बाकीचे आपण गायचे असतात."

"बरंय की! निम्मं काम पेटीचं, निम्मं आपलं. वाजवा मग."

एसटीत पेटी वाजवायची? मी ह्यांच्याकडे बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते. सगळी गाडी माझ्याकडे तोंड करून बसलेली. शेवटी नाइलाजानं भाता हलवला. सूर लागतो न लागतो तोच म्हाताऱ्यानं एक गवळण सुरू केली. तिचा माझ्या सुराशी काडीचा संबंध नव्हता. मागच्या बाकावरचे चौघे साथीला आले, आणि कंडक्टरनं तिकिटं टोचायच्या चिमट्यानं दांडीवर ताल धरला. काय पक्का ताल होता! एकदाही चुकला नाही. दोन थांबे आले नि गेले, तिकिटं काढायची त्याला आठवण राहिली नाही. मी हळूच माझा सूर बदलून म्हाताऱ्याच्या सुराला लावला. दुसऱ्याच्या सुराला माझी पेटी मी आयुष्यात प्रथमच लावली.

ईट

ईटला पोचलो तेव्हा मास्तर स्टँडवरच उभे होते. मोठं गाव, भोवती काळी रानं, आणि रानात पिवळी पडलेली ज्वारी. मास्तर मात्र आमच्याशी बोलता बोलता सारखे आभाळाकडे बघत होते. मावळतीकडून ढग चढत होते.

"उद्या तुमचा पाहुणचार शेतात," ते म्हणाले. "उद्या नरहरीची इर्जिक आहे."

इर्जिक म्हणजे काय ते त्यांनी जेवताना सांगितलं. एखाद्याचं काम अडलं की गावानं एक दिवस त्याच्या शेतात जायचं. मजुरी घ्यायची नाही, फक्त जेवायचं. आज त्याच्या रानात गेलो, उद्या तो आपल्या रानात येणार. ही फेड ज्यानं त्यानं हातांनीच करायची. नरहरी बैलगाडीवरून पडला होता. मांडी मोडली होती, हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून त्याला दीड महिना आडवा घातला होता. बायको सुगंधा एकटी. चार एकर ज्वारी उभी होती आणि वर अवकाळी ढग. पाऊस झाला तर दाणे काळे पडणार, कडबा सडणार. वर्षाचं धान्य आणि बैलांची वैरण, दोन्ही त्याच चार एकरांत होतं.

"माणसं तीस जमतील," मास्तर म्हणाले. "पण खरी पंचाईत निराळीच आहे. गावात भलरी सांगणारा नरहरीच."

भलरी म्हणजे काढणीचं गाणं. मी मनात म्हटलं, ज्वारी उपटायला गाणं कशाला हवं? हात आहेत ना!

सकाळी शेतात गेलो. बांधावर बाभळीखाली बाज टाकलेली होती आणि तिच्यावर नरहरी. घरी त्याच्यापाशी थांबायला कुणी नव्हतं म्हणून सुगंधानं त्याला गाडीत घालून आणलं होतं. चाळिशीचा, रुंद छातीचा माणूस, पण पिकाकडे पाठ करून कुशीवर पडलेला. मास्तरांनी म्हटलं, "नरहरी, झोपून का होईना, भलरी सांग की."

तो भिंतीशी बोलावं तसा बाभळीशी बोलला. "मास्तर, लोकं माझ्या रानात फुकट राबायलीत. मला हात लावता येईना, आन् म्या हितं पडून त्यास्नी राबा म्हणू? यंदा फेड कशी करू त्याचाच घोर लागलाय. गाणं सुचतंय व्हय?"

सुगंधा पाण्याची घागर घेऊन उभी होती. डोळ्यांना पदर लावताना मी तिला बघितलं. मला फार वाईट वाटलं.

काम सुरू झालं. तीस माणसं एका ओळीत. त्यात आमचे हेही, डोक्याला पंचा गुंडाळून! ज्वारीचं ताट मुळासकट उपटायचं, पायावर आपटून माती झाडायची, मागे टाकायचं. पण कुणी चार पावलं पुढे, कुणी सहा पावलं मागे. एकाची ताटं दुसऱ्याच्या पायात येऊ लागली. "आरं नीट टाक की!" "तूच सरळ चाल की!" तासाभरात ओळीचं पार वाकडं कुंपण झालं. ओळीच्या टोकाला गोदाआजी होती, सत्तरीची, पाठीत वाकलेली. ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "मुक्यानं काम व्हतंय व्हय? कुणीतरी गा की रं!"

आणि कुणाला तरी आठवलं की पुण्याची बाई गाणं शिकवते.

मला आग्रह लागलाच नाही, हे इथे कबूल करते. मी बांधावर घोंगडं अंथरून घेतलं, पेटी मांडली, डोळे मिटले आणि विलंबित लयीत एक भजन लावलं. मोकळी हवा, समोर पिवळं रान. आवाज असा लागला की माझाच मला विश्वास बसेना. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. एकेका शब्दाला मी गोंजारत होते. डोळे उघडले तर काय, तीसच्या तीस माणसं हात जोडून उभी! टोप्या काढलेल्या, फेटे काखेत. एका बाईच्या डोळ्यांत पाणी. आमचे हे ज्वारीचं ताट छातीशी धरून उभे. बावीस वर्षांत माझं गाणं त्यांनी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

मी कृतार्थ झाले. तेवढ्यात गोदाआजी म्हणाली, "बाई, लई ग्वाड गाता वो. पर हात हाललं न्हायत."

खरंच की. मी सुरू केलं तेव्हा ओळ जिथे होती, तिथेच होती. ढग मात्र पुढे आले होते.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक बिचारे सभ्य, पुण्याच्या पाहुणीचं गाणं चालू असताना काम करणं म्हणजे तिचा अपमान, म्हणून उभे राहिलेले. आणि ही गोष्ट मीच बारा पोरींना आजवर शिकवत आले होते. गाणं चालू असताना हलायचं नाही!

चूक माझी, ती मीच निस्तरणार, असं म्हणून मी पेटी पुन्हा पुढे ओढली. हळू नको ना, मग जलद घेऊ. द्रुत लयीतलं एक पद धरलं आणि हातानं टाळी देत सुटले. आणि हलले हो हात! तरणी पोरं अशी सुटली की बघत राहावं. माझ्या टाळीबरोबर सटासट ताटं निघू लागली. मला चेव आला, मी लय आणखी चढवली. पोरं वीस पावलं पुढे गेली, मधली माणसं धापा टाकत त्यांच्या मागे, आणि ह्यांनी तर पंचाच टाकून दिला. मागे कुणी 'माझ्या पायावर माती झाडलीस' म्हणून भांडण काढलं. मी गातच होते.

"बाई, थांबवा! आवो थांबवा ते!"

मी दचकून वळले. नरहरी बाजेवर कोपरावर उठला होता. सकाळपासून पहिल्यांदा त्याचं तोंड रानाकडे होतं.

"म्हातारीकडं बघा की वो!"

मी बघितलं. सगळी ओळ पुढे गेली होती आणि मागे, उभ्या पिकाच्या पट्ट्यात, गोदाआजी एकटी राहिली होती. ती घाईघाईनं एक ताट उपटायची, तोल जायचा, पुन्हा सावरायची. इर्जिकीत मागे राहणं म्हणजे फुकटचं जेवल्यासारखं, म्हणून तिची ती धडपड. आधाराला कुणी नाही, आणि तिला मागे टाकणारी मी.

"ही पेटी मिटा आदी," नरहरी म्हणाला. मी निमूटपणे मिटली. माझ्या पेटीला असं बोलणाऱ्याला पुण्यात मी जिन्यावरून खाली पाठवला असता. "आन् बगा आता. सगळ्यात सावकाश हात ज्याचा, त्येची लय धरायची. तरणी मान्सं हळू चालत्यात, त्यास्नी जमतंय. म्हाताऱ्या मान्साला पळाय जमत न्हाय."

त्यानं गोदाआजीकडे डोळे लावले. तिनं ताटाला हात घातला तेव्हा यानं शब्द उचलला, तिनं ओढलं तेव्हा यानं जोर दिला, तिनं माती झाडली तेव्हा हा श्वास घेऊन मोकळा. दोनदा, तीनदा. आवाज काय सांगू! खर्जातला, जाडसर, शेताच्या त्या टोकाला सहज पोचणारा. लांब गेलेली पोरं थांबली, मागे वळली, हसत हसत परत आली आणि आजीच्या दोन्ही अंगाला उभी राहिली. ओळ सरळ झाली. तीस हात एकदम खाली गेले, तीस ताटं एकदम निघाली, आणि तीस गळ्यांनी शेवटचा शब्द झेलला. माझ्या अंगावर काटा आला. मी एवढ्या मैफली ऐकल्या, पण सम अशी जमिनीतून उपटून निघालेली कधी बघितली नव्हती.

आणि गाणं तरी काय? ठरलेलं काहीच नाही. जो समोर दिसेल त्याची थट्टा. ह्यांचा पंचा बोराटीला अडकला, तो लगेच गाण्यात आला. मास्तरांची छडी आली, सुगंधेची आटलेली घागर आली. मग माझी पाळी.

*पुण्याची बाई गाती गोड,*
*हात म्हणती काम सोड!*

सगळं रान हसलं. हसताना एकाचाही हात थांबला नाही. मी तर पोट धरून हसले, आणि हसता हसता उठून सुगंधेबरोबर पेंढ्या बांधायला गेले. पहिल्या चार पेंढ्या उचलल्या की सुटायच्या. सुगंधा म्हणाली, "ताई, गाण्यावर आवळा, बसंल नीट." गाण्यातल्या जोराच्या शब्दावर आळा, म्हणजे बांधायचा पीळ, आवळला आणि पाचवी पेंढी बसली. पाट मांडून बसणाऱ्या बाईला काकूंचं बोलणं कळायला पेंढीपर्यंत यावं लागलं.

दुपारी बाभळीखाली जेवणं झाली. भाकरी, आणि येसराची आमटी. भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ लावून ती करतात. घरी हे तिखटाला नाकं मुरडतात. इथे तीन वाट्या प्यायले, वर तळहाताचे फोड सगळ्यांना दाखवत हिंडले, जणू पदकंच मिळाली होती.

गोदाआजी नरहरीच्या बाजेशी भाकरी घेऊन बसली. तो खाली बघत म्हणाला, "आजी, तुमची फेड यंदा व्हायची न्हाय माज्याच्यानं."

"काय बोलायलास रं?" आजी एकदम उसळली. "सकाळपासनं काय केलंस मग? परवा माजी जवारी हाय. तुझी बाज न्यायला चार पोरं येत्याली. तयार ऱ्हा!"

"माझी बी हाय मंगळवारी," पलीकडून एकजण म्हणाला.

"माझी त्येच्या आदी!"

आणि नरहरीच्या बाजेवरून तिथे चक्क भांडण लागलं. सकाळी ज्या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, त्याला आता कुणी दुसऱ्याकडे आधी जाऊ देईना. नरहरीनं भाकरीचा घास हातातच ठेवला आणि उपरण्यानं तोंड पुसतोय असं दाखवत डोळे पुसले. मला दिसलं. मीही पुसले.

चांगला दिवस असता तर ज्वारी चार दिवस वाळू देतात. त्या दिवशी तशीच बांधून, कणसं आत नि बुडखे बाहेर, अशी सुडी, म्हणजे पेंढ्यांची रास, रचली. वर कडब्याचं जाड छप्पर घातलं. शेवटची पेंढी वर गेली तेव्हा दिवस अजून हातभर वर होता. आम्ही गावाच्या वेशीपर्यंत आलो आणि टपोरे थेंब पडू लागले. बायका पदर डोक्यावर घेऊन धावल्या. बैलगाडीत बाजेवरचा नरहरी तेवढा सावकाश भिजत आला, पावसावर काहीतरी जुळवत.

पुण्याला आल्यावर जो तो विचारी, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" देऊळ आहे, संबळ आहे, काकूंचा ठेचा आहे, हे सगळं मी सांगते. पण सर्वांत मोठा गवई बघितला तो मोडक्या मांडीचा, बाभळीखालचा. त्याच्या गाण्यात कुणी मागे राहत नाही. आमच्याकडे मागे राहणाऱ्याला आम्ही क्लास सोडायला सांगतो. मी स्वतः सांगितलेलं आहे, दोन मुलींना. त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना परत बोलावून आणलं. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं असेल याची कल्पना ह्यांनाच आहे.

गेल्या आठवड्यात मास्तरांचं कार्ड आलं. नरहरी आता चालतो, जरा लंगडतो. पण कुणाच्याही रानात गेला तरी लोक त्याला ताटाला हात लावू देत नाहीत, आधी बांधावर बसवतात. कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात होतं: 'गोदाआजी विचारतात, पुण्याच्या बाईचं पुढे काय झालं?'

ह्यांनी कार्ड वाचून दाखवलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मुली क्लासला येऊन बसल्या होत्या, त्यात त्या परत आणलेल्या दोघीही. सगळ्यांत मागे पडणारी मुलगी ज्या लयीत हातावर ताल देत होती, ती लय मी स्वयंपाकघरातून धरली आणि गायला लागले. पोळपाटावर लाटणं चाललंच होतं. सगळ्या मुली उठून दारात आल्या. आधी घाबरल्या, मग माझ्या मागून म्हणू लागल्या. हे दाराशी येऊन बघत राहिले.

त्यांनी विचारलं, "मास्तरांना काय लिहू?"

मी म्हटलं, "लिहा, आजींना सांगा, हात हलले."